तंबाखूची बाळं

तीन गाड्या एकदम आल्या. पांढऱ्या, डोक्यावर बत्ती फिरणाऱ्या, बोरगावच्या रस्त्यावरनं वळल्या त्या थेट आमच्या वस्तीत, आन् विहाराच्या कट्ट्यापाशी थांबल्या. आन् मी घरात. काट्यावर आक्काच्या पानाचं पुडकं, माझ्या एका हातात फोन, काखेत पोरगी. भोंगा बंद झाला तरी माझ्या कानात वाजतच हुता. मला वाटलं, धरायलाच आल्यात.

पहिल्या गाडीतनं डायव्हर उडी टाकून उतरला, दारात आला आन् कानडीत म्हणाला, "कूसू यल्ली?" बाळ कुठाय म्हणून. त्याच्या मागनं संस्थेची मॅडम, तोंड पांढरं पडलेलं. तिच्या मागनं बेळगावच्या डॉक्टरीणबाई. आन् त्यांच्या मागनं दोघं जण काचेची पेटी धरून, दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळांना उबेला ठेवतात तसली. दोरीवर माझा झंपर वाळत हुता, तो ओढला आन् पानाच्या पुडक्यावर टाकला. का टाकला ते मला आत्ता पण सांगता येत न्हाय.

"बाळं कुठं आहेत?" मॅडम म्हणाली.

मी म्हटलं, "झोपल्यात."

"सगळी?"

"सगळी."

ती मटकन उंबऱ्यावर बसली. तिच्या हातातल्या यादीत आमच्या वस्तीची शहाऐंशी बाळं हुती, तीन आठवड्यांत जन्मलेली. त्यातलं सगळ्यात जड बाळ सहाशे ग्रॅमचं, आन् अर्धी बाळं अडीचशे ग्रॅमच्या आत. आमच्या वस्तीत उंबरे चाळीस. त्या महिन्यात जन्मलेलं खरं बाळ एकच, आन् ते पण आजोळी, चिक्कोडीला, यादीत न्हवतंच.

यादीतली शहाऐंशी कुठली ते मला ठावं हुतं. निम्मी तंबाखू हुती आन् निम्मी बिडीचं पान. सांगते, पहिल्यापासनं सांगते, पण आठवलं की अजून दम लागतोय.

आमची वस्ती बिडीवर जगती. सगळ्या बाया दारात सूप मांडीवर घेऊन बसतात, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. ओलं गोणपाट घालून पान मऊ ठेवायचं. ज्यांची पोरं शिकली ती बेळगावला नोकरीवर गेली, कोण बँकेत, कोण शाळेत. माझा नवरा पिरनवाडीत सेंट्रिंगच्या कामावर, पंधरा दिवसांनी येतो. मी नववीत शाळा सोडलेली. घरात मी, आत्ती म्हंजे माझी सासू, आन् पोरगी, सात महिन्यांची.

ती संस्थेची मॅडम पहिल्यांदा आली तवा विहारात सतरंजीवर आमच्यासोबत खालीच बसली. म्हणाली, इतकी वर्षं मदत यायची ती वरच्या गल्लीत यायची आन् उरलं तर तुमच्यापर्यंत. ह्या वेळी तुमच्यापासनं सुरुवात. आमाला ते लई आवडलं, कारण खोटं न्हवतं. आरोग्याचं शिबिर कायम वरच्या गल्लीतल्या देवळाच्या मंडपात, आमी कडंला उभं, आमची पाळी येईस्तवर गोळ्या संपायच्या. मग तिनं इचारलं, तुमच्या पोरांची तब्येत चांगली ऱ्हायला तुमाला काय पायजे. एकीनं गटार सांगितलं, एकीनं नळ. आन् आक्का उठली. आक्का आमच्या शेजारची, साठीची, डोकं पांढरं, तिला सगळी वस्ती आक्का म्हणती. ती म्हणाली, आमाला बिडी कारखान्याचा मुकादम पान आन् तंबाखू देताना मापात कमी घालतोय, त्याचं काय तरी करा, पोरं आपोआप सुधारतील. मॅडमनं पेन उचललंच न्हाय. म्हणाली, तो विषय आमच्या आरोग्याच्या कामात बसत नाही हो.

दीड महिन्यानं आलं ते बाळाचा काटा, एक फोन आन् पावडरीचे डबे. मला फोन चालवता येतोय म्हणून काटा माझ्या घरात.

काटा लई देखणा. निळी प्लास्टिकची पाटी, अर्ध्या कलिंगडासारखी. त्याच्यावर आकडाच न्हाय, आकडा फोनात दिसतो. आन् फोन पण आकडा तसा देत न्हाय. आधी इचारतो, नवीन बाळ? व्हय दाबलं की घर नंबर, मुलगा का मुलगी, मग आकडा. जुनं बाळ म्हटलं तर लसीच्या कार्डाचा नंबर मागतो.

मी वस्तीतली सगळी बाळं तोलली. माझी सोडून.

ते खरं सांगायला पायजे. माझी पोरगी दूध पिताना तिच्या कपाळाला घाम फुटायचा. चार घोट प्यायची आन् सोडून द्यायची, नाकपुड्या उडायच्या, जसं काय पळून आलीया. आत्ती म्हणायच्या, अंगलट बारीक हाय, तुझ्यावर गेलीया. आन् म्हणायच्या, आपल्या घरच्या बाळाचं वजन करू नये, आकडा लोकांच्या तोंडात पडला की बाळ उतरतं. मी पण तेच धरून बसले. काटा माझ्याच घरात, पोरगी रोज काट्याशेजारी गोधडीवर, आन् मी तिला उचलून त्या निळ्या पाटीत ठेवत न्हवते. नजर लागंल म्हणून न्हवं. आकडा दिसंल म्हणून.

अशात एका मंगळवारी आक्का आली. मंगळवारी मुकादम येतो, टेम्पोतनं पान आन् तंबाखू घेऊन, विहाराच्या कट्ट्याशेजारी तागडी टांगून बसतो. आक्का आपलं पुडकं घेऊन थेट माझ्या घरात, दार लावलं आन् म्हणाली, "तुझा काटा खरं बोलतोय का बघू."

मी म्हटलं, आक्का, तो बाळाचा हाय.

"मग बाळासारखंच ठेवू की. टाकत न्हाय आपटून."

फोननं इचारलं, नवीन बाळ? जुनं म्हणावं तर तंबाखूला कुठलं लसीचं कार्ड. मी व्हय दाबलं. मुलगा का मुलगी? नंतर वळखू यावं म्हणून मी ठरवलं, तंबाखू मुलगा आन् पान मुलगी. मुकादम म्हणाला हुता पान सातशे. काटा म्हणाला पाचशे ऐंशी. तंबाखू पण चाळीस ग्रॅम कमी, दोनशे चाळीस.

आक्कानं पुडकं हळूच उचललं, पदराखाली घेतलं आन् गेली. पान कमी पडलं की बिड्या कमी भरतात, आन् कमी भरल्या की तो म्हणतो तू पान वाया घालवलंस आन् मजुरी कापतो. तीस वर्षं ती आपल्या हाताला दोष देत आलीती.

दुसऱ्या खेपेला वीस बाया आल्या. मागच्या दारानं, पदराखाली पुडकी झाकून, जसं काय बाळंच आणल्यात. मी दाबत बसले, व्हय, घर सात, मुलगा. व्हय, घर सात, मुलगी. व्हय, घर अकरा, मुलगा. तोलून झालं की आक्का कट्ट्यावर जायची आन् मुकादमाला म्हणायची, एकशे वीस कमी हाय, घाल. तो बघतच ऱ्हायचा. काटा ठेवलाय का कुणी, म्हणायचा, ज्या गल्लीत काटा घावंल त्या गल्लीचं पान बंद. आक्का म्हणायची, "काटा कशाला पायजे रं, आमचा हातच काटा हाय." तिसऱ्या खेपेला त्यानं गुमान भरून घातलं. पान पुरलं, तुकडे जोडत बसायला लागलं न्हाय, म्हणून त्या आठवड्यात पलीकडच्या घरातली दोन तास लौकर उठली सुपावरनं आन् पोरांना गरम भाकरी खायला घातली. मॅडमच्या पावडरीनं जे झालं न्हवतं ते झालं. पावडर आमच्या कोंबड्या खात हुत्या, अंडी चांगली देत हुत्या.

फोन सगळं आपलं आपण वर पाठवतोय, हे मला पहिल्या दिवशी सांगितलं हुतं. पण मला वाटलं वर कोण बघतंय. आमचं कधी कोण बघितलंय.

आन् वर बघितलं. हेड ऑफिसात, कुठं लांब शहरात, तिथल्या कॉम्प्युटरवर आमची वस्ती लालभडक झाली. घर नंबर सात, म्हंजे आक्काचं, बाई एक, तीन आठवड्यांत तीन येळा जुळी. बाकीच्या घरांत दोन दोन येळा. आता मला सांगा, वरच्या गल्लीतल्या एका बाईबद्दल कुणी म्हटलं असतं, हिला तीन आठवड्यांत सहा बाळं झाली, तर लोक हसले असते. आमच्याबद्दल कोण हसलं न्हाय. त्यांना लगेच पटलं. तसल्या वस्तीत असं हुत असणार, म्हटले आसतील. आन् तीन गाड्या पाठवल्या.

त्यात तो दिवस मंगळवार. मुकादम कट्ट्याशेजारी तागडी टांगून बसलेला.

मॅडम उंबऱ्यावरनं उठली आन् कट्ट्यावर चढली. तिला वाटलं, आमी बाळं लाजेनं लपवतोय. ती यादी मोठ्यानं वाचायला लागली, आवाज कापत हुता तिचा. घर नंबर सात, मुलगा दोनशे चाळीस ग्रॅम, मुलगी पाचशे ऐंशी. घर नंबर अकरा, मुलगा दोनशे पस्तीस, मुलगी पाचशे सत्तर. घाबरू नका, म्हणाली, कुणाला दोष द्यायला आलो नाही, फक्त बाळं द्या.

मी मुकादमाकडं बघत हुते. पहिल्या घराला त्यानं मान वर केली. दुसऱ्या घराला हातातलं माप खाली ठेवलं. तिसऱ्या घराला त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते त्याचेच आकडे हुते. त्यानं मागच्या तीन आठवड्यांत कुणाला काय घातलं ते सगळं, ग्रॅमासकट, एक बाई रडत रडत वाचत हुती आन् डॉक्टरीणबाई मान खाली घालून ऐकत हुत्या. तो म्हणू शकला असता, अहो ही बाळं न्हवंत, ही माझी तंबाखू हाय. पण मग सातशेचं पाचशे ऐंशी कसं झालं ते पण सांगायला लागलं असतं. त्याची नी माझी नजर एकदा भिडली आन् दोघांनी पण खाली बघितलं.

तेवढ्यात आमच्या बायांनी घोळ घातला. त्यांना वाटलं मी अडकले, मला सोडवायला पायजे. म्हणून घराघरातनं जे पोरगं हाताला लागलं ते घेऊन आल्या. एकीनं दीड वर्षाचं आणलं, एकीनं अंगणवाडीतनं उचलून आणलं, हातात उपम्याची वाटी तशीच. डॉक्टरीणबाईंनी एक गुटगुटीत पोरगं उचललं आन् यादीकडं बघितलं. हे अडीचशे ग्रॅमचं हुतं का, इचारलं.

त्याची आई म्हणाली, "व्हय. वाढलं."

"तीन आठवड्यांत?"

"खातंय चांगलं."

माझ्या आत्ती मधी पडल्या, म्हणाल्या, तुमची पावडर घातली की. आन् झालं, मॅडमच्या डोळ्यातनं घळाघळा पाणी. तिनं त्या पोराला छातीशी धरलं, फोटो काढले, हेड ऑफिसला फोन लावला. म्हणाली, अडीचशे ग्रॅमवरनं अकरा किलो. पलीकडनं टाळ्या वाजवल्यासारखा आवाज आला. मग म्हणाली, हो, हो, मग इथलं काम पूर्ण झालं असंच म्हणायचं, काटा पुढच्या वस्तीला हलवू.

गप बसले तर काटा जातोय. बोलले तर पान जातंय.

आन् ह्या सगळ्या गोंधळात एक बाई कुणाकडंच बघत न्हवती. डॉक्टरीणबाई. त्या माझ्या काखेतल्या पोरीकडं बघत हुत्या. जवळ आल्या, तिच्या नाकपुड्यांकडं बघितलं, नखं बघितली. ह्या बाळाचं वजन किती, म्हणाल्या.

"केलं न्हाय."

"का?"

"नजर लागती."

त्यांनी माझ्या घरात डोकावून त्या निळ्या पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. रागावल्या न्हाईत. नळी काढली आन् पोरीच्या छातीला लावली. लई येळ लावली. उपम्याच्या पोरानं वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, काळजात आवाज हाय, भोक असणार, आजच बेळगावला न्यायला पायजे.

मी पोरगी आणखी घट्ट धरली. डायव्हरनं गाडीचं मागचं दार उघडलं. आन् मॅडम फोनकडं बघून म्हणाली, हे बाळ यादीत नाही.

मग नवीन घाला, डॉक्टर म्हणाल्या. तिनं घालून बघितलं. फोन घेईना. आमच्या वस्तीची बाळं संपली हुती. एवढ्या घरांना जास्तीत जास्त किती बाळं असू शकतात ते त्यात आधीच भरलेलं, आन् ती सगळी जागा तंबाखूनं खाल्ली. इथं आणखी बाळ शक्य नाही, असं तो फोन म्हणत हुता, आन् बाळ समोर धापा टाकत हुतं. मॅडमनं वर फोन लावला. वरचा माणूस म्हणाला, गाडी रिकामी परत आली तर चालंल, यादीबाहेरचं बाळ घेऊन आली तर चालणार न्हाय. तीन गाड्या, तीन काचेच्या पेट्या, सगळ्या रिकाम्या, आन् एक माझी पोरगी.

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. "यादीतलं कुठलं तरी एक द्या. मी बघून घेते."

मी आक्काकडं बघितलं. आक्का पुढं आली, पदर नीट केला आन् म्हणाली, "माझा मुलगा घाला. दोनशे चाळीसवाला."

मॅडमनं तिच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं. आन् मागनं मुकादमाचा आवाज आला, घसा खाकरून. "व्हय मॅडम. झालाय तिला. मागच्या मंगळवारी झाला, माझ्यासमोर."

तो का बोलला ते तुमाला कळलं असंल. ती बाळं बाळंच ऱ्हायली तरच त्याचं माप झाकलं जाणार हुतं.

मॅडमनं फोनात आक्काचा मुलगा उघडला, आता पोरीला काट्यावर ठेवायचं हुतं. म्हंजे झंपर काढायचा हुता. मी काढला. पानाचं पुडकं तसंच, ओल्या गोणपाटात, वरनं पाणी निथळतंय. मॅडमनं बघितलं. मुकादमानं दारातनं बघितलं. डॉक्टरीणबाईंनी ते दोन हातांनी उचललं, खालनं आधार देऊन, बाळ उचलतात तसं, आन् फळीवर ठेवलं. पदरानं मी पाटी पुसली. पोरीला ठेवलं तर तंबाखूच्या वासानं शिंकली.

चार किलो शंभर. सात महिन्यांची.

तोच आकडा, ज्याला मी इतके दिवस भीत हुते. आन् फोनात हिरवी चांदणी फुटली, खाली लिहून आलं, अभिनंदन. दोनशे चाळीसवरनं चार किलो शंभर, आठ दिवसांत.

गाडीत मॅडम माझ्याशेजारी बसली. संकेश्वर गेलं. मग खिडकीकडं बघत म्हणाली, "पहिल्या दिवशी आक्का माप सांगत होत्या, तेव्हा मी लिहून घ्यायला हवं होतं." मी म्हटलं, पावडर चांगली हाय, कोंबड्यांना मानवली. ती हसली, आन् मग रडली, आन् मी पण.

बेळगावच्या दवाखान्यात तपासलं, भोकच निघालं. औषध चालू झालं, आधी वजन वाढवायचं, मग ऑपरेशन, खर्च सगळा संस्थेचा. पण फाईलीवर मुलगा. आन् आईच्या जागी आक्का. वॉर्डात आईशिवाय कुणाला ऱ्हाऊ देत न्हाईत, मग आक्का आत आन् मी बाहेर, शेजारीण म्हणून. पहिल्या दिवशी नर्सबाईंनी आक्काला सांगितलं, बाळाला पाजा. आक्का म्हणाली, माझी शेजारीण पाजंल, आमच्याकडं तशीच पद्धत हाय. नर्सनं माझ्याकडं असं बघितलं की बास. मी दर तीन तासांनी आत जायची, माझ्याच पोरीला पाजायची, आन् आक्काला जाते हं आक्का म्हणून बाहेर यायची. एकदा आत्ती भेटायला आल्या तर त्यांना पाहुणी म्हणून नोंदलं, त्या तिथंच भांडायला उठल्या, मी आजी हाय म्हणून, त्यांना बाहेर काढता काढता माझी पुरेवाट झाली.

मॅडमनं एक केलं. पहिला काटा हलवलाच न्हाय. वर लिहिलं, ह्या वस्तीला दुसरा काटा पायजे. कशाला, तर तंबाखूचा कप्पा त्यांच्या फॉर्मात न्हवता, म्हणून लिहिलं, जुळ्यांसाठी. आठ दिवसांत आला. इतकी जुळी बघून कुणी नको म्हटलं न्हाय.

दोन महिने असं चाललं. पोरगी पाच किलोला आली. आन् ऑपरेशनच्या दोन दिवस आधी डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बोलावलं. म्हणाल्या, आता मुलगा चालणार न्हाय. तपासणी, रक्त, भूल, सगळ्या कागदावर खरं बाळ आन् खरी आई पायजे, सही पण तिचीच. त्यांनी कागद पुढं केला. म्हणाल्या, ही दुरुस्ती वर जाणार, एक बाळ खोटं निघालं की ते सगळी उघडणार. तुला सांगून ठेवते.

मी बाहेर बाकड्यावर येऊन आक्काला सांगितलं. शहाऐंशी उघडली म्हंजे सगळ्या बाया उघड्या. आक्कानं वाचता येत न्हाय तरी कागद हातात घेतला, उलटासुलटा बघितला.

"कर सही," म्हणाली. "तीन महिने मी लई बाळंतीण झाले. आता बास."

मी केली. माझं नाव लिहिताना एक अक्षर सुटलं, डॉक्टर म्हणाल्या, परत कर.

ऑपरेशन झालं. पोरगी आता दूध पिताना घामत न्हाय. पिते, ढेकर देते आन् आणखी मागते. मी अजून तिच्या नाकपुड्यांकडं बघत बसते, सवयच लागलीया.

पण वरनं पत्र आलं. दोन्ही काटे बंद केल्यात, फोन आता आकडाच दाखवत न्हाय. आन् मुकादमाला दोन मंगळवारात कळलं. तो पान देतोय, बंद केलं न्हाय, सातशे म्हणूनच देतोय. आक्का पुडकं हातात घेते, जरा वरखाली करते आन् म्हणते, पाचशे ऐंशी. मग माझ्या पोरीला घेते, तसंच वरखाली करते, सहाला टेकली बघ, म्हणते. मला कोण कायच बोललं न्हाय. एका बाईनं पण न्हाय. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पत्रासोबत एक कागद हाय. त्यात लिहिलंय, काटा कोणत्या कारणासाठी वापरला ते थोडक्यात लिहा, आन् खाली दोन बोटं जागा. बाळांसाठी असं लिहिलं तर काटे परत चालू होतील असं मॅडम म्हणाली, पण मग आक्काचं म्हणणं ह्या खेपेला पण कुणी लिहून घेतलं न्हाय असंच झालं. तंबाखूसाठी लिहिलं तर गैरवापर, काटे जातील. आन् दोन्हीसाठी लिहावं, कारण आमच्याकडं ते दोन येगळं न्हायच, तर ते दोन बोटांत कसं बसवायचं. म्हणून मी हे सगळं येगळ्या वहीत लिहिलंय. इतकं मी शाळेत पण कधी लिहिलं न्हाय.

मॅडम उद्या कागद न्यायला येणार हाय. पेन माझ्या हातात, पोरगी मांडीवर, ती पेनाला धरायला बघती. तुमी असता तर त्या दोन बोटांत काय लिहिलं असतं? आन् त्या मंगळवारी, दारात तीन गाड्या, काट्यावर पान, काखेत धापा टाकणारं बाळ, आन् समोरची बाई इचारती बाळं कुठं आहेत म्हणून, तवा तुमी काय म्हणाला असता?